भुग्याचा वास

४ जून

कामावर परतले! ताप गेला, खोकला गेला. वास मात्र आला नाही. सकाळी साबण नाकाशी धरला — जणू दगड.

नवऱ्याला सांगितलं. हसला. "माझी बोट बंद, तुझं नाक बंद. बरा जोडा आहे." मासळी तपासणारीचं नाक गेलं तर घरात चूल कशावर पेटणार?

५ जून

काम तेच. गोठलेल्या माशांचा ठोकळा. त्यात ड्रिलने भोक पाडायचं. घासून भुगा गरम होतो, तो मास्क खाली करून लगेच हुंगायचा. मॅनेजर शेजारी उभा असतो. विचारतो, "वास?" "नाही" म्हटलं की माल पास.

आज शेजारच्या जुन्या तपासनीस मावशीच्या टेबलाकडे चोरून बघत होते. तिने नाक मुरडलं की मीही मुरडायची. काम तिनेच शिकवलं मला. आता नक्कलही तिचीच.

९ जून

परदेशातली हॉटेलं बंद, कंटेनर बंदरात अडकलेले. शीतगृहात पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या जुन्या पेट्या! टाळेबंदीत कॉम्प्रेसर बंद पडला. दुरुस्तीवाल्याला रस्त्यावर यायची परवानगी मिळेपर्यंत अर्धी खोली वितळली. मग पुन्हा गोठवली. बघून काही कळत नाही.

मावशीने त्यातल्याच नापास केल्या. मॅनेजर म्हणाला, "मावशी, तुमचं नाक कंपनी बुडवणार."

"नाकाने काय केलंय? माल मी कुजवला का?"

१२ जून

पकडली गेले. जेवणाच्या सुट्टीत मावशीने मागून फिनेलचं ओलं फडकं माझ्या खांद्यापाशी धरलं. मी आपली खातेय.

"केव्हापासून गं, पोरी?"

पाय धरायचे बाकी ठेवले. कुणाला सांगू नका. ती फडकं पिळत आपल्या टेबलाकडे गेली.

१५ जून

मावशीला काढलं!! "मंदी आहे, दोन तपासनीस परवडत नाहीत." ठेवलं मला. दोघींत कच्ची मी, आणि ठेवलं मला! मॅनेजर म्हणाला, "तुम्ही समजूतदार आहात."

आनंद झाला हे लिहायला लाज वाटते. पण झाला.

१८ जून

गिऱ्हाईक मिळालं — शहरातल्या विलगीकरण केंद्रांची स्वयंपाकघरं. स्वस्तात हवंय. जुन्या पेट्या आधी काढायच्या.

"वास?" — "नाही." "वास?" — "नाही." दिवसभर. खोटं एकही बोलले नाही.

मॅनेजर खुशीत. ड्रायव्हरला सांगत होता, "खाणाऱ्यांनाही वास येत नाही हल्ली. काय योग जुळून आलाय!"

'खाणाऱ्यांनाही'. तो 'ही' कुणासाठी?

२० जून

मावशीला फोन केला. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाली, "त्याला माहीत आहे गं. मीच सांगितलं. म्हटलं, पोरीला नाक येईस्तोवर पॅकिंगला बसवा, दोन्ही टेबलं मी बघते. पगार कापू नका. तर म्हणाला, बरं झालं सांगितलंत."

"माझंच चुकलं," मावशी म्हणाली. तिचं चुकलं म्हणे!

२१ जून

म्हणजे नाक नाही म्हणून नोकरी आहे.

२६ जून

पेट्या जाताहेत. नवऱ्याने विचारलं, "आज माल कसला होता?" मला काय माहीत? मी फक्त तपासते.

२ जुलै

पहाटे डोळे उघडले आणि डिझेल! खुंटीवर नवऱ्याचा बोटीवरचा शर्ट. मार्चपासून कुणी अंगात घातलेला नाही. तोंड खुपसून उभी राहिले. रडले.

"काय झालं गं?" तो अंथरुणातून.

सांगणार होते. ओठांवर आलं होतं. मग डोक्यात आलं — नाक आलं म्हणजे मी दुसरी मावशी.

"काही नाही. झोपा तुम्ही."

३ जुलै

पहिला ठोकळा. जुन्यातला. ड्रिल फिरलं, भुगा हातात घेतला. कुजक्या माशाचा अमोनिया — नाकातून थेट घशात. डोळ्यांत पाणी आलं.

मॅनेजरने मान वर न करता विचारलं, "वास?"

"नाही."