चौथ्या मजल्यावरचं कॉफी मशीन

७ जानेवारी
निर्णय पक्का. घरात खरं एस्प्रेसो मशीन आणायचं. नुन्त्सिया गेली चौतीस वर्षं गॅसवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्रात कॉफी करते, पलंगापर्यंत आणून देते आणि माझी पिऊन होईपर्यंत काठावर बसते. कॉफी जळकट असते. आज तसं सांगितलं. बायकोशी खोटं कशाला बोला? म्हणाली, बरं, मग उद्यापासून तूच कर. म्हणजे परवानगी मिळाली.

रेल्वेची तिकीट खिडकी सुटल्यापासून दिवसभरात आमचं धड बोलणं होतं ते त्या दहा मिनिटांतच. ती दहा मिनिटं चांगल्या कॉफीवर व्हावीत, एवढंच माझं म्हणणं. आणि तिने एकदा तरी 'वा, एत्तोरे' म्हणावं.

१२ जानेवारी
बजेट दीडशे युरो. वर एक छदाम नाही. दिवसभर माहितीपत्रकं वाचून डोळे गेले. एक मशीन पंधरा बार प्रेशरचं, दुसरं वीसचं. दुकानदार म्हणतो, कॉफीला नऊ पुरतात. मग वरचे अकरा कशाला विकतोस, विचारलं. म्हणाला, तुमच्यासारखे लोक मागतात म्हणून. उद्धट आहे. पण दुकान जवळ पडतं.

१९ जानेवारी
कोपऱ्यावरचा कॅप्सूलवाला मशीन फुकट द्यायला तयार. अट एकच, महिन्याला दोनशे कॅप्सूल. आम्ही नेपल्सची माणसं, प्लास्टिकच्या डबीतली कॉफी पिणार? चांगलं सुनावलं त्याला. त्याने हसत एक कप पुढे केला. वाईट नव्हती. हे कुठे बोलायचं नाही.

३ फेब्रुवारी
घेतलं. दांड्याचं, वाफेच्या नळीसकट. दोनशे दहा युरो, दळायचं यंत्र वेगळं. तरी बजेटमध्येच धरायचं, कारण बारमध्ये कॉफी प्यायला जाणं आता बंद. उद्यापासून पलंगावर कॉफी मी देणार, असं नुन्त्सियाला जाहीर केलं. म्हणाली, बघू या हं.

४ फेब्रुवारी, ७.१०
मशीन लावलं आणि अख्ख्या घराची लाईट गेली. गीझर, कपड्यांचं मशीन आणि हे, तिन्ही एकदम. आमचं मीटर तीन किलोवॅटचं, त्यावर भार गेला की कळ खाली पडते. ते तळमजल्यावर. आम्ही चौथ्यावर, लिफ्ट नाही, चौऱ्याऐंशी पायऱ्या. उतरलो, कळ वर केली, चढलो. पुन्हा गेली.

कॉफी झाली नाही. मीटर वाढवून घ्यायचा अर्ज सोमवारी नक्की.

६ फेब्रुवारी
अर्जाची गरज नाही. घराचं टाइमटेबल केलं. ६.४० गीझर बंद. ६.५५ मशीन चालू. ७.१५ कॉफी. इस्त्री, कपडे, केसांचा ड्रायर ७.३० नंतर. स्वयंपाकघरात चिकटवलं. नुन्त्सियाने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, आणि माझी गाडी कितीला सुटते?

गंमत करते. आठवड्याभरात अंगवळणी पडेल.

१५ फेब्रुवारी
नाही पडलं. ही ६.५५ लाच गीझर लावते. माझा गुडघा आता मीटरपर्यंत जायला तयार नाही. शिवाय मशीनपाशी जाणकार माणूस हवाच. तेव्हा कळ वर करायला नुन्त्सिया जाते. कुरकुर न करता जाते, हे कौतुकास्पद. वेळ लागला चार मिनिटं.

कॉफी आंबट. दळण जाड झालं असणार.

२३ फेब्रुवारी
कॉफी कडू. दळण बारीक झालं असणार. नुन्त्सियाला वर यायला अकरा मिनिटं लागली. कळ घट्ट झाली आहे का, विचारलं. म्हणाली, हो रे, फारच घट्ट. तेलाची बाटली दिली बरोबर. जिन्यात हसल्याचा आवाज आला. शेजारची पोरगी असेल.

माझा कप तयार होता. तिचा गार झाला म्हणून ओतून दिला.

२ मार्च
पंचवीस मिनिटं. मीटरशेजारी दोन्ना कोन्चेत्ताची खोली आहे. ती आमच्या इमारतीची राखणदार, विधवा बाई, तोंड अखंड चालू. नुन्त्सिया म्हणते, सोडतच नाही मेली, काय करू? बिचारी अडकते. दया येते.

७ मार्च
डब्यातली बदामाची बिस्किटं भराभर संपतात. उंदीर असावेत. पिंजरा आणायचा. आज खाली जाताना नुन्त्सियाने केस विंचरले, कानात डूल घातले. मीटरची कळ वर करायला डूल! पण बायकांच्या कामात बोलू नये.

पलंगाच्या काठावर हल्ली कोणी बसत नाही. मीच बसून पितो. कंटाळा येतो. कॉफीत अजून थोडी सुधारणा हवी आहे, म्हणून असेल.

१४ मार्च, ७.२०
गेली रे लाईट, येते जाऊन, असं दारातून ओरडून नुन्त्सिया उतरली. मी मशीनसमोर बसून राहिलो. दहा मिनिटांनी लक्षात आलं, मशीनचा लाल दिवा चालूच आहे. फ्रिजही गुरगुरतोय.

लाईट गेलीच नव्हती.

त्याच दिवशी, ८.३०
दोन कप काढले. आज पहिल्यांदा वर फेसाची सोनेरी साय धरली. ट्रे घेऊन गुडघा सांभाळत सगळ्या पायऱ्या उतरलो. कोन्चेत्ताच्या खोलीत दोन खुर्च्या. एकीवर नुन्त्सिया, चपला काढून, पाय स्टुलावर. काहीतरी सांगत होती आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. ती असं हसते, हे मी विसरलोच होतो.

नुन्त्सियाने ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, वर कधी येतेस? म्हणाली, लाईट आली की येते.

तिच्या डोक्यावर बल्ब जळत होता. मी बरं म्हणालो.

वर आलो. दोन्ही कप मीच प्यायलो. चांगली झाली होती.