मुहूर्ताआधी विचारलेली तारीख

प्रिय उत्कर्षा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पृथ्वीराज उद्या कर्वेनगरला तुझ्या खोलीवर येऊन हे देईल. पाकीट चिकटवलंय, उघडलेलं दिसलं तर त्याचा कान धर.

लग्न ठरवताना मुलीची तारीख विचारून घ्यायची, म्हणजे मुहूर्तावर किंवा जागरण-गोंधळाला पाळी आडवी येत नाही, ही आमच्या धायरीतली रीत. तुझी आई लांब वाशीमला, म्हणून तुलाच विचारलं. तू वीस तारखेनंतर चालेल म्हणालीस. मी लगेच मुहूर्तही काढून घेतला. मग संध्याकाळी तू पृथ्वीराजला कळवलंस की पीसीओडीमुळे तुझ्या पाळीला तारीखच नसते, काकूंना खोटं सांगितलं, त्यांनाही कळू दे, आणि आपण हे लग्न इथंच थांबवू. तेव्हापासून पोरगं धड जेवलेलं नाही. एरवी त्याला आवरावं लागतं.

अगं, आमच्या वेळी या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं. माझी पाळी महिनोन् महिने यायची नाही, आली की थांबायचं नाव नाही. न आलेल्या प्रत्येक महिन्यात सासूबाई आशेनं माझ्याकडे बघायच्या. चिंच हवी का विचारायच्या, जड काही उचलू द्यायच्या नाहीत. मग एक दिवस मी बाजूला बसले की घरात कुणी काही बोलायचं नाही. त्या गप्प बसण्याचा मला फार त्रास व्हायचा. तुझ्या सासऱ्यांनी एकदा जिद्दीनं शहरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं, औषधं सुरू झाली, आणि पृथ्वीराज उशिरा का होईना झाला. झाला नसता तरी मी कुठं उणी नव्हते. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुला सांगते. पृथ्वीराजलाही यातलं काही ठाऊक नाही.

तुझ्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेव. पाळी लांबवायच्या गोळ्या मात्र आमच्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणू नकोस. तुला रोज चालायला सांगितलंय म्हणे. चल, मीही येईन, माझेही गुडघे कुरकुरतात. आणि आमच्याकडे नव्या सुनेला श्रीखंड वाढवाढून बेजार करतात; तुला गोड बेतानंच हवं, तिथं मी आडवी येईन.

हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की मी मुहूर्त बदललेला नाही. पाळी त्याच दिवशी आली तर येऊ दे. तू बोहल्यावर उभी राहशील आणि गोंधळालाही बसशील. जाऊबाईंना तसं सांगून झालंय; त्या फुगल्यात, उतरतील. होकार तुझा आहे, त्यात मी पडत नाही. पण नाही म्हणायचंच असेल, तर माझा मुलगा आवडत नाही म्हणून म्हण. तेवढं मी सोसेन.

तुझीच,
अजून तरी काकू असलेली
प्रेमला