कै. बेबी शीळ

११ नोव्हेंबर, सोमवार

मी मेले! आज दुपारी कळलं. माझ्याच दातांच्या दवाखान्यात, तेही पेशंटच्या वडिलांकडून.

मुलगी आठेक वर्षांची, तोंड गच्च मिटलेलं. वडिलांनी खिशातून पत्रक काढून माझ्यापुढे धरलं — "कै. बेबी शीळ स्मृती करंडक. मुलांसाठी शीळ स्पर्धा." खाली माझा फोटो! दोन वेण्या, पुढचे दोन दात गायब. त्याच फटीतून मी गाणीच्या गाणी शिळेवर वाजवायचे आणि अख्खं थिएटर मला डोक्यावर घ्यायचं. नावाआधी "डॉ." लागावं म्हणून मी रात्रंदिवस घोकंपट्टी केली. "कै." मात्र फुकटात!

"डॉक्टर, हिला नेमके आत्ताच दात यायला लागलेत," वडील म्हणाले. "शीळ बिघडते हो. जरा घासून बारीक करता येतील? स्पर्धेपुरते."

"घासलेले दात परत वाढत नाहीत."

"बेबी शीळच्या वडिलांनी केलंच असेल की काहीतरी!"

मी आ वासून बघत राहिले. एरवी ते काम पेशंटचं. मग ठणकावून नाही म्हटलं. "बरं, दुसरीकडे बघतो," म्हणाले. जाताना पोरीने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर

नवऱ्याला सांगितलं. हसता हसता खुर्चीतून पडायचा बाकी होता. "म्हणजे मी भुताच्या हातचा चहा पितोय?" वर म्हणे, "आता भांडताना 'मी मेल्यावर कळेल' म्हणायची सोय राहिली नाही तुला." गाढव!

आयोजकांना फोन लावला. म्हातारे गृहस्थ आहेत, पूर्वी कलाकारांचे दौरे ठरवायचे. "अहो, मी जिवंत आहे" हे वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात त्यांनी हुंदका दिला. "फार लवकर गेली हो पोर!" रडणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? म्हटलं, मी ओळखायचे तिला. झालं! परवाची प्रमुख पाहुणी मीच. माझ्याच स्मृतीला दोन शब्द वाहायचे.

१३ नोव्हेंबर

भाषण लिहायला बसले. काय सांगू? ओठ फुटायचे, त्यांना लोणी लावून मला परत स्टेजवर उभं करायचे, हे? सर्दी व्हायला बंदी होती, हे? वर्गातल्या मुली खेळायला घ्यायच्या नाहीत — "तुम्ही बाई मोठी माणसं!" उंची साडेतीन फूट!

दात येऊ लागल्यावर बाबा रोज सकाळी मला खिडकीशी नेऊन माझं तोंड उघडून बघायचे. मग एकदा भर कार्यक्रमात शीळ घातली आणि नुसतंच फुस्स! लोक हसले. मला इतकं हलकं वाटलं!  बाबांनी मात्र पुढे जन्मात शिळेचं नाव काढलं नाही. दात आले आणि मी त्यांच्या मनातून उतरले, एवढंच मला कळलं. विचारायचं धाडस झालं नाही. आता ते नाहीत, तरी राग येतो. खरंच येतो.

हे काय भाषण आहे? फाडून टाकलं.

१४ नोव्हेंबर

ती मुलगी स्पर्धेत होती! दात शाबूत — दुसरीकडेही कुणी ऐकलं नसावं. चेहरा पांढराफटक. वडिलांचं कानाशी चालूच, "जीभ मागे घे, ओठ आवळ, हसू नकोस." माझं डोकं फिरलं.

माझं नाव पुकारलं. माईक धरला. म्हटलं, "दात आल्यावर बेबी शीळ कशी वाजायची, ते ऐकवते." आणि जीव खाऊन शीळ घातली. फुस्स! पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा पुसला.

 आणि मग ती पोरगी खदाखदा हसली. तोंड सताड उघडं, दोन कोरे दात करवतीसारखे! तिची पाळी आली तेव्हा तिनेही बिनदिक्कत फुस्स केलं आणि स्वतःच टाळ्या पिटल्या. नंबर शेवटून पहिला.

वडील चेहरा पाडून माझ्यापुढे. "आता हिचं काय करू, डॉक्टर?"

"सफरचंद द्या," म्हटलं. "न कापता."

या गडबडीत मी जिवंत आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

१५ नोव्हेंबर

आयोजकांचा आभाराचा फोन. शेवटी विचारलंच — ती गेली हे तुम्हाला सांगितलं कुणी?

"तिच्या वडिलांनीच. मी मोठा दौरा घेऊन गेलो होतो घरी. म्हटलं, दात आले तर आले, काढून टाकू. तरणा होतो, अक्कल नव्हती. तर ते दारातच आडवे आले. 'ती गेली, परत येऊ नका,' म्हणाले आणि कडी लावून घेतली. डोळ्यांना धार लागली होती हो. आत स्टोव्ह फुसफुसत होता तेवढाच आवाज."

आमच्याकडे स्टोव्ह नव्हता. आत मी होते.