सुरी सुरक्षित आहे

११ जानेवारी, रविवार
ठरलं. २५ तारखेला दिघाशीला सासऱ्यांच्या शेतावर कॅम्पिंग. तंबू, चूल, चिकन. चिकन मी करणार. मागच्या वेळी सासरे, म्हणजे काळूराममामा, सगळ्यांसमोर म्हणाले, जावयबापूंना जेवता येतं, बाकी काय येत न्हाय. मी ते मनावर घेतलेलं नाही. फक्त चिकन मी करणार.
त्यासाठी सुरी ऑनलाइन मागवली. आठ इंची, जपानी स्टाइल. ऋतिका म्हणाली, घरातली घ्या की. बायकोला प्रोफेशनल इक्विपमेंट समजावणं अवघड आहे.

१४ जानेवारी, बुधवार
सुरी आली. कागदावर नुसती टेकवली, कागदाचे दोन झाले. मग टोमॅटो. मग थोडा टेबलक्लॉथ.
आता प्रश्न, गाडीतून न्यायची कशी? सोबत कव्हर आलेलं नाही. ऋतिकाचं मत: नॅपकिनमध्ये गुंडाळा, रबर लावा, झाकणाच्या डब्यात टाका. ऐकून घेतलं. पण मानकोलीच्या गोडाऊनमध्ये अख्ख्या फ्लोअरचा सेफ्टी मार्शल मी आहे. अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालंय, हिरवं जाकीट मिळालंय. डबेबिबे हौशी लोकांनी वापरावेत.
निश्चय: म्यान स्वतः बनवणार.

१७ जानेवारी, शनिवार
म्यान तयार. गोडाऊनमधला जाड पुठ्ठा, ब्राऊन टेप, वर ‘काळजीपूर्वक हाताळा’चं लाल स्टिकर. बघतच राहावं असं झालंय. करिष्माने विचारलं, पप्पा, तलवार आहे का? म्हटलं, सेफ्टी आहे. मग म्हणाली, खालून उघडं का? पहिलीतल्या मुलीला काय सांगणार. म्हटलं, हवा खेळायला, नाहीतर पातं गंजतं.
टेप संपली होती. उद्या लावतो.

२१ जानेवारी, बुधवार
टेप राहिली. स्टॉक ऑडिट चालू आहे, माणूस एकच.
ट्रायल मात्र घेतली. सुरी म्यानात, म्यान सॅकमध्ये, सॅक स्कूटरच्या सीटवर मागे बांधलेली. गोडाऊनच्या गेटवर वॉचमन चिंधूकाकांनी सॅकच्या बुडातून बाहेर आलेलं टोक दाखवलं आणि हळूच विचारलं, कुणावर राग हाय का साहेब? स्कूटरचं सीटही फाटलंय. सॅकची क्वालिटीच भंगार. म्यान जागच्या जागी होतं. हलली ती फक्त सुरी.

२४ जानेवारी, शनिवार
म्यानाचं बूड बंद केलं. ब्राऊन टेप आणायची राहिली, म्हणून करिष्माच्या कंपासमधली पारदर्शक टेप लावली. तीन वेढे. भरपूर झालं.
ऋतिकाने पुन्हा विचारलं, डबा देऊ का? नको म्हटलं. ती म्हणाली, करिष्मा मागे बसणार आहे. मी म्हणालो, कोण कुठे बसणार ते मला माहीत आहे. आवाज थोडा चढला. घरात ट्रेनिंगची कदर नसली की चढतो.

२५ जानेवारी, रविवार सकाळ, पेट्रोल पंप
मोबाइलवर लिहितोय. दोघी टॉयलेटला गेल्यात.
डिकी तंबू आणि पातेल्यांनी भरली, म्हणून सुरीची पिशवी मागच्या सीटखाली पाय ठेवतात तिथे ठेवली होती. आत्ता सहज उघडून बघितली. म्यान आहे. सुरी नाही.
टेप सुटलीय. पिशवीला बाजूने चीर पडलीय. मॅट उचलून बघितली. सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला. काही दिसत नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न मारतोय.
सांगू? ऋतिका एकच शब्द बोलेल: डबा. मग दिघाशीला पोचल्यावर मामांना पहिलं तेच कळेल. नाही. परिस्थिती कंट्रोलमध्ये आहे. पोचल्यावर दोघींना आधी उतरवायचं आणि एकट्याने शोधायची. रिकामं म्यान पिशवीत परत ठेवलं.
आल्या.

तीच सकाळ, वडप्याच्या अलीकडे, ट्रॅफिक
समोर कंटेनर, मागे कंटेनर. गाडी बंद आहे.
करिष्माला पाय सीटवर घ्यायला सांगितलं. खेळ आहे म्हटलं, खाली खाडी, पाय टाकला की खेकडा धरणार. पंपापासून मांडी घालून बसलीय, आता कंटाळलीय. ऋतिका विचारते, एसी चालू असून एवढा घाम का? इतकी हळू का चालवताय? मामांचा फोन आला. कोंबडी हाय, चूल पेटली हाय, तुमचाच पत्ता न्हाय. म्हटलं, सेफ्टी बघून येतोय. कसली, म्हणाले.
गाडी बाजूला घेऊन शोधता येईल. पण हायवेवर थांबणं नियमात बसत नाही. मी करतोय तेच बरोबर आहे.
मघाशी खड्ड्यात काहीतरी घसरल्याचा आवाज आला. डावीकडून. पातेलं असेल. पातेली डिकीत आहेत.
करिष्माची पाण्याची बाटली खाली पडली. मागतेय. थांब म्हटलं. तहान लागली म्हणते. ऋतिका म्हणाली, मी देते काढून. मी नको म्हणालो, जरा जोरातच. दोघी माझ्याकडे बघतायत.
पुढची गाडी हलली.

दुपार, दवाखाना
ऋतिका आत आहे. टाके घालतायत.
पुढच्या कंटेनरने ब्रेक मारला, मी मारला. करिष्माने बाटलीसाठी पाय खाली सोडला. ऋतिकाने वळून तिला मागे ढकललं आणि बाटली काढायला स्वतःचा हात सीटखाली घातला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, गाडी बाजूला घ्या. मी घेतली. हायवेवर. तिने दुसऱ्या हाताने सुरी बाहेर काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि तळव्याभोवती ओढणी गुंडाळली.
करिष्माला काही झालेलं नाही. तिचे दोन्ही पाय बघितले. परत बघितले. काही झालेलं नाही.
तिला मांडीवर घेऊन बसलोय. इथला एसी फार आहे.
मामांना फोन करून पंक्चर सांगितलं.

२६ जानेवारी, सोमवार
मामा सकाळीच घरी आले. ऋतिकाने रात्री त्यांना फोनवर सांगितलं होतं. मी पाच-सहा उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. ते सरळ ओट्याशी गेले, डाळभात लावला आणि आम्हाला वाढलं.
जेवताना ऋतिकाने विचारलं, तुम्हाला कधी कळलं सुरी सुटलीय ते?
मी म्हणालो, तू हात घातलास तेव्हाच.
करिष्मा म्हणाली, नाही मम्मी, पप्पांनी पंपावरच सांगितलं होतं, खाली पाय टाकायचा नाही. मी किती वेळ नाही टाकला.
मामांनी पळी पातेल्यात ठेवली. ऋतिका डाव्या हाताने जेवत होती. तिने खाली पडलेली शितं एकेक करून ताटाच्या कडेला ठेवली. मी परत भात घेतला.

२८ जानेवारी, बुधवार
हाताला पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे. ऋतिका समोर खुर्चीवर बसून सांगते. आज कांदा. बोटांची टोकं आत घ्या, म्हणाली. घेतली.
थोड्या वेळाने म्हणाली, पंपावर सांगितलं असतंत, तर आपण दोघांनी मिळून शोधली असती. मी काही बोलले नसते.
आवाजात राग नव्हता. हो, म्हटलं.
कांदा फार जाड चिरला गेला. ती म्हणाली, राहू द्या, तसाच टाका फोडणीत.