उजव्या जागी डावा बैल

मामा, तुमाले जाऊन पाच पावसाळे झाले. तुमाले वाचता येत नव्हतं, आन् पंतोजीच्या पगडीत खाजकुयली टाकल्यानं माहं शिक्षन दोन वर्सातच आटपलं, म्हनजे लिहिनारा आन् वाचनारा सारखेच. तरी लिहून राहिलो, कारन आज दुपारी अकोल्याच्या टेसनावर एक गोष्ट झाली. आता गाड्यायची रांग माह्या हाती आहे. आगगाडी आल्यापासून अमरावतीपर्यंत जावं लागत नाई, तेल्हाऱ्याचा कापूस आमी अकोल्यालेच उतरवतो. माह्या रांगेत एक तरना गाडीवान आहे. जोडी अशी का वारा मांगं राहील, आन् तोंड जोडीच्याबी पुढं. आज तो सगळ्यायच्या आंधी पोचला, आन् आमी आलो तं पोत्यावर लोळत म्हने, "काय जी बुढोबा, रस्त्यात बारसं होतं का कोनाचं?"  मंग मी पानी प्याले गेलो, वापस येतो तं आपलेच दोघं त्याच्या जुवापाशी वाकून हसून राहिले. ते हसनं म्या ओळखलं. म्या त्याईले असं झिडकारलं का हमाल पोते खाली ठेवून पाहू लागले. तो पोरगा मले म्हने, "तुमी काहून माह्या बाजूनं बोलता? मी तं आत्ताच तुमाले बुढा म्हनलो." मी अजून तिशीबी गाठली नाई, पन ते सोडा. म्या त्याच्या जुवाची दोरी तपासली आन् माह्या गाडीकडं गेलो.

तुमच्या रांगेचा एकच कायदा होता. सर्वात हळू गाडी सर्वात पुढं. म्हनून तो बहिरा बुढा आन् त्याचे दोन हाडकुळे बैल नेहमी पुढं चालत, आन् आमी तेरा गाड्या त्याच्या मांगं, चाकोरीत चाक टाकत. मी नवीन होतो तवा इचारलं होतं, "मामा, हा उलटा कारभार काहून?" तुमी म्हनले, "हळू मानूस पुढं असला का मांगं कोन राहिलं ते पाहावं लागत नाई." आन् पूर्नेच्या घाटावर चढाव आला का दर गाडीले दोन जोड्या लागत. आपली गाडी वर चढली का आपले बैल सोडून खाली न्याचे, मांगच्याच्या गाडीले जोडाचे. त्यात कोनी उपकार मानत नसे, हातानं हात धुवावा तसं ते होतं.

मंग दर्यापार कोन्या मुलखात लढाई पेटली म्हने, आन् आपल्या कापसाले असा काही उठाव आला का लोकायनं गाद्या-उश्या उसवून त्यातला कापूस इकला. अमरावतीच्या आवारात आपल्या गाड्यायचा ठेका देनारे शेठ सकाळपासून फाटकात उभे राहू लागले. त्याच हंगामात तो आपल्या रांगेत आला, पांढऱ्या जोडीवाला. गाडीवान म्हनून तो गज्जब होता, मामा, ते नाकारून चालनार नाई. आमी चार मुक्कामात जे करू ते तो तिनात करे. बैलाले हात न लावता, नुसत्या तोंडाच्या आवाजानं गाडी वळवे. पन मूर्तिजापूर मांगं पडलं का तो रांग सोडून जाये. पुढच्या विहिरीवर आपले बैल पाजे आन् आमच्यासाठी गढूळ ठेवे. घाटावर त्याची जोडी एकटीच गाडी वर नेई, आन् वर गेल्यावर तो बैल सोडत नसे. "ज्याले चढवत नाई त्यानं नदीच्या अल्याडच संसार मांडावा," असं वरून सांगे.

अमरावतीचा तो दिवस तुमाले आठवत असंल. आमी आवारात शिरलो तं शेठनं त्याच्या डोक्याले गुलाबी फेटा बांधून ठेवलेला. तो गाडीच्या जुवावर बसून सुपारी कातरत होता. बहिऱ्या बुढ्याची गाडी आत आली तसा म्हने, "या, या, वरात आली. नवरदेव पुढंच आहे." सारं आवार हसलं. बुढ्याले ऐकू आलं नाई, त्याले वाटलं आपलं स्वागत होऊन राहिलं, म्हनून तोबी हसला आन् हात जोडले.  शेठनं तुमाले बाजूले घेतलं. मी पोते उतरवत होतो, कान तिकडंच होते. शेठ म्हनत होते, "हा एकटा तुमच्या तिघायचं काम करते. बाकीचे झोपा काढतात असं तोच सांगून राहिला." तुमी म्हनले, "तो एकटा एकाचंच काम करते, शेठजी. तो पुढं निघून गेला का बाकीच्यायचं काम अर्धं होते, ते तुमी त्याच्याच खाती जमा धरता." शेठले ते पटलं नाई. पन तुमचा आवाज चढला नाई, आन् परत जाताना तुमी त्यालेबी बाकीच्यायवानी गूळ-फुटाने दिले. त्यानं ते बैलापुढं टाकले.

पन रांग आतून उसवत होती. जे कधी बैलावर चाबूक उचलत नव्हते ते उचलू लागले. एकदोघं त्याच्यावानी पुढं पळून पाहू लागले, एकाच्या तं चाकाची आरी मोडली. मी पळू शकत नव्हतो, माहे बैल मधलेच. म्हनून मी माह्या पद्धतीनं सुरू केलं. त्याच्या बैठकीच्या घोंगडीत खाजकुयली चोळली. अकोल्यापासून मूर्तिजापूरच्या वाटेपर्यंत तो गाडीवर असा नाचला का बहिरा बुढाबी खो-खो हसला. त्या सांजेले तुमी मले चुलीपाशी बसवलं, भाकर हातात देली, आन् मी अर्धी खाल्ल्यावर इचारलं.

"तूनं केलं?"

"हाव."

"बरं वाटलं?"

"लय."

"त्याच्यावर काय कराचं ते कर. मी तुहा बाप नाई. पन बैलाले हात लावशील तं माह्या रांगेत राहू नको."

"बैलाले कोन हात लावते मामा," असं मी म्हनलो. खरंच तवा मनात नव्हतं.

नंतरच्या खेपीले आपला मुक्काम पूर्नेच्या काठालेच होता, घाट अर्ध्या कोसावर. सकाळी आभाळ भरून आलं. अवकाळी ढग, जांभळे. पंधरा गाड्या कापूस उघड्यावर, आन् नदी आडवी. सारे घाईत. तो फेटा बांधत होता, शेठचा गुलाबी. मी मांगून जात होतो, तं मान न वळवताच म्हने, "ए बे, कोन आहे तो. माहे बैल जुंप." हे त्याचं रोजचं होतं, जो जवळ असंल त्याले हुकूम. आन् वरून म्हने, "पाहून जुंप. ज्वारीच्या दोन दान्यावानी आहेत, माह्याशिवाय कोनाले ओळखू येत नाईत." मले येत होते. दोन महिने म्या त्याच्या बैलायकडं त्याच्यापेक्षा जास्त पाह्यलं होतं. उजव्या अंगाच्या बैलाच्या कानाले आतून बारीक चीर होती. आता बैल जलमभर ज्या अंगाले चालतो त्याच अंगाले त्याचं सारं डोकं असते, हे तुमीच शिकवलं. म्या उजवा डाव्या जागी जुंपला आन् डावा उजव्या. मनात एवढंच होतं का उतारावर गाडी वाकडीतिकडी जाईल, बैल त्याच्या तोंडाच्या आवाजाले उलटे वळतील, आन् चौदा जन वरून पाहतील. हसू दाबून माहं पोट दुखून राहिलं होतं. त्यानं पाह्यलंबी नाई. गाडीवर चढला आन् निघाला.

घाटाच्या उतारावर गाडीचा भार बैलायच्या मानेवर आला. त्यानं आवाज देला, डावीकडं. बैल दोघंबी गोंधळले. एक आत दाबू लागला, दुसरा बाहेर. चाक चाकोरीतून सुटलं. मी वरून पाहत होतो आन् हसनं तोंडातच थांबलं. गाडी आडवी गेली, पोते पान्यात, आन् उजव्या जागचा बैल जुवाखाली पडला. पाय मोडल्याचा आवाज आला मामा. वाळलं सरपन मोडते तसा.

 मले वाटलं होतं तो ओरडंल. तो पान्यात बसला, बैलाचं डोकं मांडीवर घेतलं, आन् त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिला. मंग त्यानं कान उलटा करून पाह्यला, चीर नव्हती. तवा त्याले समजलं. वर मान करून त्यानं इचारलं, अगदी हळू, "माहे बैल कोनं जुंपले?"

आमी चौदा जन काठावर उभे. म्या तोंड उघडलं, खरंच उघडलं. तुमी माह्याकडं एकदा पाह्यलं. रागानं नाई. रागानं पाह्यलं असतं तं मी बोललो असतो.

"म्या जुंपले," तुमी म्हनले. "अंधुक होतं. चूक झाली."

मंग तुमी धोतर खोचून पान्यात उतरले आन् तुमचा एक बैल सोडून त्याच्या जुवाले लावला. काठावरचे म्हनत होते, "पडू द्या त्याले तिथीच, त्यानं कवा आपले बैल सोडले?" एक जन तं हसतबी होता. तुमी वर न पाहता म्हनले, "कापूस भिजून राहिला. उतरा." सारे उतरले. बहिरा बुढा सगळ्यायच्या आंधी, त्याले तं काय बोलनं झालं तेबी माहीत नव्हतं. घाटावर त्या दिवशी पंधराव्या गाडीले तीन जोड्या लागल्या, आन् शेवटचे पोते वर गेले तवा पाऊस सुरू झालता. पडलेला बैल आमी मांगं ठेवला. त्याचं काय केलं ते तुमीच केलं, आमाले पाहू देलं नाई.

त्यानं तुमचे पाय धरले नाईत. मले आपलं वाटे का अशा दिवसानंतर मानूस बदलंल. अमरावतीले तो शेठपाशी गेला आन् तुमच्याबद्दल म्हने, "बुढ्याचे डोळे गेले. त्याले डावा-उजवा बैल कळत नाई, आन् तुमी त्याच्या हाती पंधरा गाड्या देता." भिजलेला कापूस शेठच्या समोरच पडलेला होता, शेठनं आनखी काय इचारावं. रांग त्याच्या हाती गेली. त्यानं पयल्याच दिवशी जलद गाड्या पुढं घेतल्या, आन् बहिऱ्या बुढ्याले हातानं खुनवून सांगतलं का तू घरी. बुढा तुमच्याकडं पाहत राहिला, तुमी काय सांगता म्हनून. तुमी नुसती मान हालवली.

आपन अकोल्यापर्यंत संग आलो. तुमचा एकच बैल उरला होता, दुसरा तुमी त्यालेच देऊन टाकला, गाडी घरी न्याले मी माहा एक लावला.  मी म्हनलो, "मामा, म्या सांगतो शेठले. उद्याच जातो." तुमी म्हनले, "सांगून आता काय? बैल उठनार नाई. तू किती वर्साचा आहे, एकोनीस? सांगशील तं तुले कोनी गाडीले हात लावू देनार नाई जलमभर. माहं तं झालंच होतं." मंग तुमच्या खांद्यावरची घोंगडी काढून मले देली, म्हनले, "तुहीचे भोकं मोठे झाले." आन् इचारलं, "आता काय करशील?" मी म्हनलो, "गाडी सोडली मामा. घरी वावरात जातो." तुमी म्हनले, "बरं केलं." माह्या पाठीवरून हात फिरवला.

आज सांजेले मी टेसनावरच्या त्या पोरापाशी जाऊन बसलो. म्हनलो, "उद्यापासून घाटावर पयले तुह्ये बैल सुटनार. आन् तुह्ये बैल तूच जुंपाचे, दुसऱ्याले हात लावू द्याचा नाई." तो म्हने, "आन् नाई सोडले तं?" मी म्हनलो, "तं तू माह्या रांगेत नाई. लय जलद आहेस, एकटा जा." तो रातभरात ठरवंल. राहील का जाईल मले माहीत नाई. जुवापाशी हसनाऱ्या त्या दोघायलेबी तेच सांगतलं, दुसऱ्याच्या बैलाले हात नाई. त्याईले वाटते मी त्या पोराच्या जोडीले भुललो.

ते पूर्न खोटं नाई, म्हनून हे लिहून राहिलो. हा कागद कोनाले दाखवाचा नाई, सकाळी चुलीत घालतो. मामा, मी वावरात गेलो नाई. तुमी तेल्हाऱ्याकडं वळले आन् चौथ्या दिवशी पांढऱ्या जोडीवाल्यानं निरोप धाडला का तुह्ये हात चांगले आहेत, दुसऱ्या नंबरावर चाल. मी गेलो. तुमी गेल्याची खबर मले त्याच्याच रांगेत लागली, तिसऱ्या खेपीले, मूर्तिजापूरच्या पुढं. पुढं तो रांग सोडून गेला आन् ती माह्या हाती आली, तरी मी सगळ्यायले सांगत आलो का पोटासाठी गेलो. पोटासाठी नाई. त्यानं नाव घेऊन बोलावलं ते मले लय आवडलं, आन् पयल्या खेपीले तुमची घोंगडी खांद्यावर होती, तरी मी एकदाबी मांगं वळून पाह्यलं नाई.