बोटभर लांब शॉकअप

ती. मायरिगदाजी यांस,

इद्वलचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं ठणकत आहेत, तेव्हा यात अतिशयोक्ती नाही.) लाउरीताईचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला, तुमच्या मेंढ्या, सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण मला पुष्कळ सांगायचं आहे.

येत्या शनिवारी आमच्या पाटीदगडाच्या खाणीवरून म्हाताऱ्यांची सायकल शर्यत आहे. जो पहिला खाली येईल त्याने रात्रीच्या जेवणात भाषण करायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसून मटणाचं पातळ कावल ओरपायचं, हा आमचा रिवाज तुम्ही जाणताच. यंदा त्या जेवणाला जंगलखात्याचा साहेब येतो आहे. आपली डोंगरवाट कुंपण घालून बंद करायची, हे त्याच्या मनात आहे. त्याला तोंडावर सुनावायची ही एकच संधी! मी हरलो तर पाद्री हेवीन जिंकणार, आणि तो गृहस्थ साहेबाचे आभार मानून वर कुंपणालाही आशीर्वाद देईल.

म्हणून मी सायकल सुधारायला घेतली. माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. (नाताळात पुडिंग थंडगार होईपर्यंत ऐकवलं होतं.) तुमच्यासारखे लोक आखूड शॉकअप लावून सायकलचा मागचा भाग दबवून घेतात, त्याला मी लाचारी म्हणतो. या खोऱ्यात जे मागे राहिले ते दबलेलेच राहिले. मागच्यांना वर उचलल्याशिवाय जगात काय पुढे गेलं आहे? क्लबच्या सभेत मी हे टेबल बडवून सांगितलं, आणि मूळच्यापेक्षा बोटभर लांब शॉकअप मागे बसवला. बोल्ट बसले, टाळ्या पडल्या. मला वाटलं, बोटभर लांबी म्हणजे बोटभर उंची. पण दाजी, तो शॉकअप सांध्यात तरफेसारखा बसतो. मागचं बूड तीन बोटं वर गेलं!

चढावर मात्र काय ऐट! पेडल एकाही दगडाला शिवेना. माथ्यावर पोचलो तेव्हा व्यासपीठावर चढल्यासारखं वाटलं. मग उतार लागला. मागचा भाग उंच, म्हणून पुढचं चाक धरणारा चिमटा ताठ उभा आणि माझा सगळा भार हँडलवर. पूर्वी हीच सायकल दगडधोंड्यांतून शांतपणे सरळ जायची. आता मी शिंकलो तरी चाक वळे. खाणीच्या ढिगाऱ्याखाली पुढचं चाक खड्ड्यात थबकलं आणि मागच्या सर्वांनी (मी धरून) उठाव केला. हँडलवरून मी जो गेलो तो थेट हेवीनसमोर. तो पंक्चर काढत बसला होता. म्हणाला, "इद्वल, चॅपलमध्ये नुसती मान झुकव म्हणून सांगून थकलो रे, इथे तर अख्खाच आडवा झालास!" वर हात देऊन उठवलंही, हा अपमान निराळा.

तत्त्व चुकलेलं नाही, दाजी. डोंगरच प्रतिगामी आहे.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
इद्वल

ता. क. फ्रेमलाही तडा गेला आहे. तेव्हा तुमची ती दबलेली सायकल शनिवारपुरती द्यावी. शॉकअप आहे तसाच आखूड असू द्या. 'लाचारी' हा शब्द मी व्यापक अर्थाने वापरला होता.

आणखी ता. क. नेस्टाने हे पत्र वाचलं. म्हणते, "हात गळ्यात बांधलाय आणि निघाला शर्यतीला! ती सायकल ज्यांची आहे त्यांनाच बोलाव की." बायको अधूनमधून बरोबर असते. पलीकडच्या खोऱ्यातल्यांनाही भाग घेता येतो, आणि त्या बुटक्या सायकलवर उतारात तुमच्यापुढे हेवीन टिकत नाही. तेव्हा या आणि जिंका. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तुम्हाला घाम फुटतो (लग्नात 'हो' म्हणायलाही पाद्र्याला दोनदा विचारावं लागलं), हे मी विसरलेलो नाही. जेवणात उठून एवढंच म्हणा, "माझा मेहुणा दोन शब्द बोलेल." मग खाली बसून खुशाल जेवा. तेही जमत नसेल तर नुसतं माझ्याकडे बोट दाखवा. मी आधीच उभा असेन.