वाटीवरचं नाव

दीक्षितपुरा, जबलपूर

अवंतिका,

बाप्तिस्मा घेऊन तू घर सोडलंस, तेव्हा जाताना फक्त विरजण मागितलं होतंस. मी तेही दिलं नाही.

मागच्या आठवड्यात माझं विरजण नासलं. शेजारच्या बेबीताईंनी वाटीभर आणून दिलं. त्याचं दही अगदी आपल्यासारखं लागलं. देवाला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि मग वाटी घासताना तिच्यावर कोरलेलं तुझं नाव दिसलं.

"सांगितलं काहून नाही?" मी बेबीताईंवर भडकले.

"तुमचंच आहे, वहिनी. तुमच्याकडचं मीच तिला नेऊन दिलं होतं. ती रोज लावून राहिली."

मग तू इथे विसरलेलं बायबल उघडलं. वाटलं होतं, नुसता धाक असेल. तर तिथे एक बाई पिठात खमीर मिसळते, आणि देवाचं राज्य म्हणे तसंच असतं. दिसत नाही, पण सगळं पीठ फुगतं. मी आयुष्यभर देवाला सोवळ्यात ठेवलं. तो माझ्या ओल्या हातालाच चिकटलेला होता गं.

वाटी रिकामी परत करू नये, म्हणून बेसनाचे लाडू भरलेत. हे पत्र टपालात टाकत नाही, मीच घेऊन येते. ठोठावलं की दार उघडतात, असं तुझ्याच पुस्तकात वाचलंय.

आई